कॉन्स्टँटिनोपल 1453 : भाडोत्री सेनापती, मेढेकोट आणि कुलूपबंद दरवाजे

29 मे 1453 रोजी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, तुर्कांच्या हाती पडलं. ही हकिकत बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटपते: जिनोआहून आलेला भाडोत्री सेनापती जखमी झाला, मोर्चा सोडून गेला आणि शहर हातचं गेलं. ओळ खोटी नाही, पण तिच्यातून फारसं काही कळत नाही. जोव्हान्नी जुस्तिनियानी लोंगो आणि त्याच्या माणसांनी ज्या जागी सात आठवडे काढले, तिथला तट पहिल्या दहा दिवसांतच फुटला होता. फुटलेला तट इतके दिवस कशाच्या जोरावर टिकला आणि एका माणसाच्या जखमेनं तो घटकाभरात कसा गेला, एवढंच या प्रकरणात तपासलं आहे. निष्ठेचा प्रश्न आम्ही दुय्यम मानतो. नेमणूक कशी झाली, पैसा कोणाच्या हातून फिरत होता आणि किल्ल्या कोणाकडे होत्या, मेख तिथे आहे.

पार्श्वभूमी

पंधराव्या शतकाच्या मध्यावर कॉन्स्टँटिनोपल नावापुरतीच बायझंटाइन साम्राज्याची राजधानी उरली होती. तटाच्या आत शेतं, बागा आणि ओस पडलेल्या वस्त्या. तटाचा एकूण घेर मात्र जुना, वैभवाच्या काळातला, वीस किलोमीटरच्या वर. सम्राट अकराव्या कॉन्स्टंटाइननं आपला विश्वासू स्फ्रांत्झिस याच्याकडून हत्यार धरू शकणाऱ्या माणसांची मोजदाद करवून घेतली. ग्रीकांचा आकडा पाच हजारांच्या आत आला. सम्राटानं तो कुणाला कळू देऊ नकोस अशी ताकीद दिली. परदेशी धरून बेरीज सात हजारांच्या आसपास जाते. समोर उस्मानी (ऑटोमन) तुर्कांचा एकवीस वर्षांचा सुलतान दुसरा मेहमद होता आणि त्याच्या सैन्याचा सावध अंदाजही 80,000 च्या घरात आहे.

माणसं भाड्यानं घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि खजिना रिकामा होता. त्याचा पहिला फटका वेढ्याआधीच बसला. ऑर्बान नावाचा हंगेरियन तोफ ओतणारा कारागीर आधी सम्राटाकडेच चाकरीला आला होता. सम्राटाला त्याचा पगार परवडेना आणि लागणारा धातूही पुरवता येईना. तो उठून मेहमदकडे गेला. तिथे त्याला मागितलं त्याहून कितीतरी जास्त मिळालं. 1452 च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्फरसवरच्या नव्या किल्ल्यातल्या तोफेनं न थांबता जाऊ पाहणारं एक व्हेनिशियन जहाज बुडवलं, आणि त्यानंतर आणखी मोठी तोफ ओतली गेली. तिचा दगडी गोळा साडेपाचशे किलोच्या आसपास होता. पगारी माणूस हातचा घालवला तर तो शेजारच्या दारात उभा राहतो, हे त्या काळी कुणालाच नवीन नव्हतं.

कोण कोणाचा पगारी

बचावासाठी जमलेले परदेशी एका मुठीतले नव्हते. पुढचं सगळं यावर अवलंबून असल्यानं हे नीट पाहायला हवं.

कार्डिनल इसिडोर 1452 च्या शरदात सुमारे 200 माणसं घेऊन आला. त्यांचा खर्च पोपचा, आणि त्याच्या बदल्यात पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चची एकी जाहीर करायची होती. ती 12 डिसेंबरला आयासोफिया या शहराच्या मुख्य चर्चमध्ये जाहीर झाली आणि अर्धं शहर सम्राटावर रुसलं.

व्हेनिसचे लोक मुळात व्यापारी आणि खलाशी. त्यांचा शहरातला प्रमुख जिरोलामो मिनोत्तो यानं बंदरातली जहाजं परवानगीशिवाय हलणार नाहीत असं ठरवून घेतलं. तरी 26 फेब्रुवारीच्या रात्री सात जहाजं गुपचूप निसटली आणि त्यांच्याबरोबर सुमारे 700 इटालियन गेले.

बोक्कियार्दी नावाचे तिघे भाऊ पदरमोड करून, स्वतःची माणसं घेऊन आले होते. काही कॅटलान होते. शहरात आश्रयाला असलेला उस्मानी घराण्यातला ओर्हान आपल्या तुर्क अनुयायांसह सम्राटाच्या बाजूनं उभा राहिला, हेही विसरून चालणार नाही.

आणि जुस्तिनियानी. जानेवारी 1453 च्या अखेरीस तो दोन मोठ्या जहाजांतून 700 माणसं घेऊन उतरला. त्यातली 400 जिनोआकडची, 300 खिओस आणि ऱ्होड्स बेटांवरची. सगळी चिलखती, कसलेली. तटबंदीच्या लढाईत त्याचा हातखंडा होता. सम्राटानं त्याला जमिनीकडच्या संपूर्ण तटाचा अधिकार दिला आणि शहर वाचलं तर लेमनॉस बेट द्यायचं वचन दिलं.

या करारात दोन गोष्टी बोचतात. बक्षीस सगळं शेवटी आणि सगळं एकट्या म्होरक्याच्या नावावर. माणसं आणली त्यानं, पोसली त्यानं, त्यामुळे त्यांचा धनीही तोच. सम्राटाचं आणि त्या सातशे जणांचं थेट नातं असं काही नव्हतंच. रोख पैसा नसलेल्या सरकारला असा सौदा स्वस्त वाटतो, आणि चार महिने तो स्वस्त पडलाही.

अडचण : लांब तट, थोडी माणसं

जमिनीकडचा थिओडोसियन तट तिहेरी होता. आधी 18 ते 20 मीटर रुंदीचा खंदक, मग साधारण 8 मीटर उंच आणि 2 मीटर जाड बाहेरचा तट, आणि त्यामागे 12 मीटर उंच, 5 मीटर जाड आतला तट, 96 बुरुजांसह. दोन तटांमध्ये पंधरा-वीस मीटरची मोकळी पट्टी. लांबी साडेपाच किलोमीटरच्या वर. मधोमध लायकस ओढ्याच्या खोऱ्यात तट खाली उतरत होता. सेंट रोमानसचा दरवाजा आणि एड्रियानोपलकडचा दरवाजा यांच्यामधला हा सुमारे सव्वा किलोमीटरचा भाग म्हणजे मेसोतेइखिऑन. समोरची जमीन उंच, तट सखल, आणि मेहमदचा डेरा नेमका समोर.

तोफांचा प्रश्न आतल्यांचाही होता. त्यांच्याकडे लहान तोफा होत्या, पण शोरा कमी आणि दारू जपून वापरायची. शिवाय बुरुजांचे माथे तोफेच्या धक्क्यासाठी बांधलेलेच नव्हते. तोफ डागली की गनिमाइतकंच नुकसान आपल्या बांधकामाचं व्हायचं.

तीन पर्याय

दोन्ही तटांवर माणसं उभी करायची तर माणसं नव्हती. तेव्हा पर्याय उरले ते असे.

आतला तट धरायचा. तो उंच, जाड, पण वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षानं खिळखिळा. डागडुजीसाठी आलेल्या पैशात अफरातफर झाल्याचा आरोप वेढ्यात शहरात असलेल्या आर्चबिशप, खिओसच्या लिओनार्दनं नावं घेऊन केला आहे. तो कितपत खरा ते सोडा, तट भरवशाचा नव्हता एवढं नक्की. आत बसलं की खंदक आणि बाहेरचा तट फुकटात शत्रूला मिळणार, हा दुसरा तोटा.

बाहेरचा तट धरायचा. 1422 च्या वेढ्यात हेच केलं होतं आणि शहर वाचलं होतं. खंदकावर थेट मारा करता येतो, मागच्या पट्टीतून माणसं इकडून तिकडे हलवता येतात.

तिसरा पर्याय, बाहेरच्या तटावर मुख्य फळी आणि आतल्या तटावर विरळ दुसरी फळी, हा कागदावर सगळ्यात चांगला. पण साडेपाच किलोमीटरला पुरतील एवढी माणसं त्यासाठी समुद्राकडच्या तटावरून काढावी लागली असती.

दुसरा पर्याय ठरला, आणि आमच्या मते तो बरोबर होता. चूक त्याला चिकटून आली. हल्ल्याच्या वेळी सैनिक बाहेरच्या तटावर गेले की आतल्या तटाचे दरवाजे मागून कुलूपबंद करायचे, म्हणजे पळायला वाटच उरणार नाही. असा निर्णय घेणाऱ्याचा आपल्याच माणसांवर किती विश्वास असतो हे उघड आहे. पण त्यातली खरी गोम वेगळी. बंद दरवाजातून पळता येत नाही, तशी कुमकही येत नाही. शहरात दोन राखीव तुकड्या होत्या: एक सम्राटाचा मुख्य मंत्री लुकास नोतारास याची, हलत्या तोफांसह, तटामागे पेत्रा भागात, दुसरी पवित्र प्रेषितांच्या चर्चजवळ. दोन्ही त्या कुलपांच्या आतल्या बाजूला.

काय केलं

12 एप्रिलपासून तोफांचा नियमित मारा सुरू झाला. मोठी तोफ दिवसाला सातच वेळा उडायची, कारण प्रत्येक बारानंतर ती थंड व्हायला वेळ लागे. मात्र एकेका गोळ्यानं तटाचा मोठा लचका जाई. पहिला उपाय म्हणून तटाच्या तोंडावर लोकरीचे गठ्ठे आणि कातड्याचे पडदे सोडले. काही उपयोग झाला नाही. आठवडा उलटायच्या आत मेसोतेइखिऑनवर बाहेरच्या तटात भगदाडं पडली आणि खंदकही ठिकठिकाणी ढिगाऱ्यानं भरला.

जुस्तिनियानीचं खरं काम इथून सुरू होतं. पडलेला तट दगडानं पुन्हा उभारायच्या फंदात तो पडला नाही. भगदाडाच्या जागी त्यानं मेढेकोट उभा केला: खाली तटाचाच ढिगारा, त्यात उभे-आडवे खांब आणि फळ्या, मध्ये माती, काटक्या, द्राक्षवेलींच्या जुड्या, वरून ओली कातडी आणि कठड्याच्या जागी मातीनं भरलेली पिंपं. यामागचा हिशेब साधा होता. दगडी भिंत गोळ्याचा सगळा धक्का अंगावर घेते आणि तडकते. मऊ मातीत गोळा रुततो. पिंप उडालं तर दुसरं ठेवायला दोन माणसं आणि एक फावडं पुरतं. दिवसभर तोफा चालायच्या, अंधार पडला की शहरातले स्त्री-पुरुष, पोरं, भिक्षू माती आणि लाकूड वाहून आणायचे आणि सकाळपर्यंत मेढेकोट पुन्हा उभा. मेहमदच्या गोलंदाजांना रोज तेच काम नव्यानं करावं लागे.

18 एप्रिलच्या रात्री पहिला मोठा हल्ला झाला. जागा अरुंद, त्यामुळे संख्येचा फायदा उरला नाही, आणि चिलखती माणसांपुढे हलक्या साजातले सैनिक कमी पडले. चार तासांनी हल्ला परतला. 7 आणि 12 मेचे हल्लेही परतवले.

सुरुंगांचा मामला वेगळ्या हातात होता. मेहमदकडे नोवो ब्रदोच्या खाणींतले सर्बियन खाणकामगार होते. आतल्या बाजूला योहानेस ग्रांट हा अभियंता होता, तोही पगारी. 16 मेला पहिला सुरुंग सापडला. ग्रांटची पद्धत ठरलेली: भुयाराची दिशा हेरायची, आतून आडवं भुयार खणून गाठायचं, टेकूच्या लाकडांना आग लावायची, नाहीतर धूर किंवा पाणी सोडायचं. 23 मेला त्याच्या माणसांनी खणणाऱ्यांसह एका अधिकाऱ्याला जिवंत पकडलं. छळ करून त्याच्याकडून बाकीच्या भुयारांच्या जागा काढून घेतल्या. त्यानंतर सुरुंगाचा धोका जवळजवळ संपला. अख्ख्या वेढ्यात इतकं चोख झालेलं दुसरं काम दाखवता येणार नाही, आणि ते एका नेमून दिलेल्या माणसानं, नेमून दिलेल्या कामात केलं.

पैसा आणि भांडणं

22 एप्रिलला मेहमदनं सुमारे सत्तर जहाजं डोंगरावरून ओढून गोल्डन हॉर्न या शहरालगतच्या खाडीत उतरवली. आता त्या बाजूच्या तटावरही माणसं हवी झाली. ही जहाजं रात्रीतून जाळायची व्हेनिशियनांची योजना 24 तारखेची होती. जिनोईज लोकांना कळलं, त्यांनाही वाटा हवा होता, मसलत लांबली, आणि 28 तारखेपर्यंत बातमी पलीकडे पोचली. तोफा वाट पाहत होत्या. व्हेनिशियनांनी दोष जिनोईजांना दिला, जिनोईजांनी व्हेनिशियनांच्या उतावळेपणाला. सम्राटाला मधे पडून सांगावं लागलं की बाहेरची लढाई पुरेशी आहे.

मेच्या सुरुवातीला धान्य आटलं. बायकापोरांना काही खायला मिळतंय का हे बघायला माणसं मोर्चा सोडून घरी जाऊ लागली. यावर सम्राटानं केलेला उपाय नेमका होता: चर्च आणि खासगी लोकांकडून पैसा गोळा करून धान्य घेतलं आणि वाटपासाठी माणसं नेमली. तक्रारी थांबल्या. पगारासाठी चर्चची चांदीची भांडी वितळवून नाणी पाडली, नंतर चौपट परत करू या बोलीवर. त्या घाईत पाडलेली छोटी, ओबडधोबड चांदीची नाणी आजही संग्रहांत पाहायला मिळतात.

पण हाच शहाणपणा मजुरीच्या बाबतीत दाखवला नाही. 28 मेला, शेवटच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी, मिनोत्तोनं तयार करवून घेतलेले लाकडी आडोसे तटावर न्यायचे होते. ग्रीक हमाल म्हणाले, आधी पैसे. व्हेनिशियन म्हणाले, शहर तुमचं, पैसे आम्ही का द्यायचे. घासाघीस होईपर्यंत रात्र झाली आणि आडोसे वेळेत लागलेच नाहीत. ही हकिकत व्हेनिशियन जहाजावरचा शल्यवैद्य निकोलो बार्बारो सांगतो, तेव्हा ग्रीकांविषयीचा त्याचा राग वजा करूनच वाचायची. तरी हमालाच्या बाजूनं पाहिलं तर सात आठवडे उपाशीपोटी रात्रपाळी करणाऱ्यानं मजुरी मागितली, यात नवल ते काय.

त्याच दिवशी जुस्तिनियानीनं मेढेकोटासाठी नोतारासकडे तोफा मागितल्या. त्यानं दिल्या नाहीत. बंदराकडे लागतील म्हणाला. दोघांत हमरीतुमरी झाली. पुन्हा सम्राट मधे.

29 मेची पहाट

हल्ला उजाडण्याच्या सुमारे तीन तास आधी सुरू झाला. पहिली लाट अनियमित फौजेची. दोनेक तास तिनं बचाव करणाऱ्यांना दमवलं. दुसरी अनातोलियन पलटणींची. मोठ्या तोफेचा एक गोळा मेढेकोटावर नेमका बसला, सुमारे 300 जण आत घुसले आणि कापले गेले. मग जानिसारी, म्हणजे सुलतानाचं खडं, कसलेलं पायदळ, आलं. तासभर हातघाई झाली आणि तरीही ओळ फुटली नव्हती. उजवीकडे तटाच्या उत्तरेकडच्या ब्लाखेर्नाईच्या टोकाला बोक्कियार्दी भाऊही टिकून होते. तिथल्या एका उघड्या राहिलेल्या दिंडीतून (तटातल्या लहान दरवाजातून) काही जानिसारी शिरले अशी जी प्रसिद्ध हकिकत आहे ती एकट्या दुकास या तत्कालीन इतिहासकारानं दिलेली आहे, तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही.

सूर्योदयाच्या सुमारास जुस्तिनियानीला गोळी किंवा बाण लागला. कोणी छातीत म्हणतं, कोणी हातात, कोणी पायात. रक्त वाहत होतं आणि त्यानं मागे नेण्यासाठी आतल्या दिंडीची किल्ली मागितली. सम्राटानं थांबायची विनवणी केली. अखेर दिंडी उघडली. त्याला आत नेताना त्याच्या माणसांनी पाहिलं, त्या रात्रीत पहिल्यांदाच मागचं दार उघडं पाहिलं, आणि ती त्या दारातून निघाली. शेजारच्या ग्रीकांना वाटलं तट पडला. समोर मेहमदला फट दिसली आणि त्यानं जानिसारींची नवी तुकडी सोडली. दिंडीच्या चिंचोळ्या तोंडाशी चेंगराचेंगरी होऊन बरीच माणसं तिथेच मेली.

निष्पत्ती

सम्राट मेढेकोटाजवळ लढताना पडला. मिनोत्तो पकडला जाऊन मारला गेला; नोतारासला काही दिवसांनी मेहमदनं मारवलं. जुस्तिनियानीला त्याच्या माणसांनी जहाजानं खिओसला नेलं, पण जखमेनं तो जूनच्या सुरुवातीलाच गेला. आता जो केवळ भित्रेपणानं पळाला म्हणतो, त्यानं हेही सांगावं की किरकोळ जखमेनं माणूस थोड्याच दिवसांत कसा मेला.

वेगळं काय करता आलं असतं

लिओनार्दनं ऑगस्ट 1453 मध्ये पोपला लिहिलेल्या वृत्तांतात एक मुद्दा मांडला आहे: जाताना जुस्तिनियानीनं आपल्या जागी कोणी नेमला असता, तर शहर गेलं नसतं. लिओनार्द स्वतः जिनोईज प्रभावाखालच्या बेटाचा, तरी त्यानं हा ठपका ठेवला. आमच्या मते ठपका जुस्तिनियानीपेक्षा सम्राटाकडे आधी जातो. रक्त वाहत असताना वारस नेमायचा नसतो. तो जानेवारीत, अधिकारपत्र देताना ठरवायचा. माणसं होती. माउरित्सिओ कत्तानेओसारखा अनुभवी जिनोईज त्याच तटावर दुसऱ्या मोर्चावर होता. त्याला मेसोतेइखिऑनवर दुय्यम म्हणून आणायचं आणि जुस्तिनियानीच्या माणसांसमोर तसं जाहीर करायचं, एवढ्याला पैसा लागत नव्हता.

बक्षिसाची रचनाही बदलता आली असती. लेमनॉस एकट्याला. त्यातला ठराविक वाटा सातशे जणांच्या नावे, मोर्चावर उभे असेपर्यंत, असा लिहिला असता तर म्होरक्या गेल्यावर त्यांना थांबायला स्वतःचं कारण उरलं असतं. रोख एक नाणंही जास्त खर्च झालं नसतं, कारण बेट विजयानंतरच द्यायचं होतं.

दरवाजांबद्दल: सगळे उघडे ठेवणं वेडेपणा झाला असता. पण मेढेकोटामागची एक दिंडी, आतल्या बाजूला पन्नास-शंभर ताज्या दमाच्या माणसांच्या पहाऱ्यात, फक्त कुमक बाहेर पाठवायला आणि जखमी आत घ्यायला ठेवता आली असती. जखमी बाहेरून आत येताना त्याच क्षणी ताजी माणसं आतून बाहेर जातात, हे मागे पाहणाऱ्या सैनिकाला दिसलं असतं. याच्या आड येत होता तो नोतारास आणि जुस्तिनियानी यांच्यातला वाद, कारण राखीव तुकडी पहिल्याच्या हातात होती आणि दरवाजा दुसऱ्याच्या मोर्चावर. हा वाद सम्राटानं 28 मेला समजुतीनं मिटवला. तेव्हा आदेश द्यायचा होता.

मजुरीचं तर धान्यासारखंच करता आलं असतं. वाटपाची माणसं नेमलेली होतीच. रोजची मजुरी रोज, तटाच्या दारातच मोजून दिली असती तर आडोशांवरची घासाघीस झालीच नसती.

एवढं सगळं करून शहर वाचलंच असतं असं म्हणता येत नाही. दारूगोळा संपत आला होता, आणि व्हेनिसच्या आरमाराचा शोध घ्यायला गेलेली होडी 23 मेला रिकाम्या हातानं परतली होती. पण मेहमदच्या डेऱ्यातही सगळं आलबेल नव्हतं. शेवटच्या आठवड्यात वजीर हलील पाशानं वेढा उठवायचा सल्ला उघडपणे दिला होता. झागानोस पाशा आणि तरुण सरदारांनी तो हाणून पाडला. 29 तारखेचा हल्ला परतला असता, तर हलीलचं पारडं जड झालं असतं. शहर पडलं, आणि त्याच वर्षी हलीलला देहदंड झाला.